हेड गॅस्केट किती जाडीचं घ्यावं? जिप्सीच्या इंजिनावरून सांगतो

“कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना मिश्रण किती पट दाबलं जातं ते) वाढवायचंय, पातळ पॅकिंग टाका.” माझ्याकडे इंजिन घेऊन येणाऱ्या मुलांचं पहिलं वाक्य बहुधा हेच असतं. टर्बो बसवायचा असला की उलटं: “जाड पॅकिंग टाका, कॉम्प्रेशन उतरेल.” दोघांनाही वाटतं की हे गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण असलेलं हेड यांच्या मधलं पॅकिंग, हा कॉम्प्रेशन कमी-जास्त करायचा स्क्रू आहे. तसं नाही. गॅस्केटची जाडी ठरते ती पिस्टन टॉपला आल्यावर त्याच्या आणि हेडच्या मध्ये किती फट राहते यावरून. कॉम्प्रेशन नंतर हेडमधून आणि पिस्टनमधून मिळवायचं. हा क्रम उलटला की पैसे खर्च करून बांधलेलं इंजिन कंपनीच्या इंजिनापेक्षा आधी नॉक करायला (आतून टकटक वाजायला) लागतं, आणि गाडीवाल्याला शेवटपर्यंत कारण कळत नाही.

माझं काम कोल्हापुरात, उद्यमनगरात. बोरिंगवाला, ग्राइंडिंगवाला, हेड प्लेन करणारा (कापून सपाट करणारा), सगळे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, त्यामुळे इथे इंजिन बांधणं सोपं आहे. पण मशिनवाला तुम्ही सांगाल तेवढंच कापतो. किती कापायचं हा आकडा तुमच्याकडे तयार हवा, आणि तो मोजून काढलेला हवा.

उदाहरणाला मारुतीचं १.३ लिटरचं जी१३ घराण्यातलं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन घेतो. एमपीएफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनच्या, जिप्सीत हेच होतं. जिप्सीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, तरी रॅलीला, ऑटोक्रॉसला आणि डोंगरात जाणाऱ्यांकडे ही गाडी अजून भरपूर आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मि.मी., स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५.५ मि.मी., १,२९८ सीसी. ब्लॉक आणि हेड ॲल्युमिनियमचे, आत बिडाचे लायनर. पद्धत मात्र कुठल्याही पेट्रोल इंजिनाला हीच.

वरची फट म्हणजे काय

हेड उलटं करून पाहा. चेंबरचं, म्हणजे मिश्रण जळतं त्या खळग्याचं, तोंड बोअरच्या गोलापेक्षा लहान असतं. कडेला हेडचा सपाट भाग उरतो आणि पिस्टनच्या माथ्याचा सपाट भाग बरोबर त्याच्याखाली येतो. पिस्टन वर येताना या दोन सपाट भागांमधलं मिश्रण, भाकरी थापताना तळहाताखालचं पीठ जसं कडेला सरकतं तसं, जोरात प्लगच्या दिशेने ढकललं जातं. याला स्क्विश म्हणतात.

याचे फायदे दोन. मिश्रण घुसळलं जातं, त्यामुळे ज्योत लवकर पसरते आणि इग्निशन कमी ॲडव्हान्स ठेवूनही (ठिणगी फार आधी न टाकताही) पूर्ण ताकद मिळते. दुसरा फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नॉकिंग होतं ते ज्योत पोहोचायच्या आधी कडेचं मिश्रण आपोआप पेटल्यामुळे. फट बारीक असेल तर कडेला मिश्रण उरतंच थोडं, आणि जे उरतं ते वरखाली दोन्ही बाजूंनी थंड धातूला चिकटून असल्यामुळे तापत नाही. फट दीड मि.मी.च्या पुढे गेली की हे दोन्ही फायदे जवळजवळ संपतात. कडेला मिश्रणाचा जाडसा थर राहतो, त्याला थंडावा मिळत नाही आणि ज्योत तिथे सर्वांत शेवटी पोहोचते. म्हणून कॉम्प्रेशन कमी करूनही इंजिन वाजतं अशी विचित्र तक्रार येते.

मग फट अगदी अर्धा मि.मी. का ठेवू नये? कारण फिरताना इंजिन ताणलं जातं. ७,५०० आरपीएमला या स्ट्रोकमध्ये पिस्टनची सरासरी गती सेकंदाला सुमारे १९ मीटर होते, आणि टॉपला तो थांबून परत फिरतो तेव्हा त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण तीन हजार पट जोर येतो. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून ३५० ग्रॅम धरले तर ही ओढ एक टनाच्या वर जाते. कनेक्टिंग रॉड लांबतो, क्रँक किंचित वाकतो, बेअरिंगमधली तेलाची जागा दबते. सर्वांत वाईट क्षण एक्झॉस्ट स्ट्रोकच्या टॉपचा, कारण तेव्हा पिस्टनला खाली दाबून धरणारा गॅसचा दाबच नसतो. शिवाय पिस्टन पिनवर डावीउजवीकडे कलतो. हे सगळं मिळून फट खाऊन टाकतं, आणि एकदा पिस्टन हेडला लागायला लागला की पुढचा खर्च ब्लॉकपर्यंत जातो.

माझे आकडे असे. कंपनीचे रॉड आणि ७,००० आरपीएमपर्यंत वापर असेल तर १.० मि.मी. त्याच रॉडवर ७,५०० च्या पुढे फिरवणार असाल तर १.१. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) रॉड असतील आणि पिस्टन स्लीव्हमध्ये नीट बसत असेल तर ०.९. फोर्ज्ड पिस्टनला स्कर्टचा (खालच्या भिंतीचा) क्लिअरन्स जास्त ठेवावा लागतो आणि थंड असताना तो जास्त कलतो, म्हणून तिथे ०.१ वाढवतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत ०.८ च्या खाली मी जात नाही. ॲल्युमिनियम ब्लॉक गरम झाल्यावर स्टीलच्या रॉडपेक्षा जास्त वाढतो, त्यामुळे चालत्या इंजिनात फट थोडी मोकळी होते हे खरं. पण थंड इंजिन सुरू करून लगेच ॲक्सिलरेटर दाबणारे लोक असतात, म्हणून हिशेब थंड मापावरच करायचा.

आधी मोजा, मग गॅस्केट मागवा

पहिलं माप डेकचं: पिस्टन टॉपला आल्यावर ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापासून किती खाली किंवा वर राहतो. बोरिंग झालेलं हवं, क्रँक नव्या बेअरिंगसह पूर्ण टॉर्कला बसवलेला हवा, पिस्टनला किमान एक रिंग हवी. माथ्यावरचा कार्बन आणि ब्लॉकवरचा जुन्या पॅकिंगचा चिकटा पूर्ण काढा. कार्बनचा पातळ थरसुद्धा मापात ०.०५ चा फरक करतो.

डायल गेज ब्रिजवर बसवा आणि ब्लॉकच्या सपाट जागेवर शून्य करा. मग टोक पिस्टनवर नेऊन क्रँक हाताने हळू फिरवा आणि काटा परतायला लागतो ती जागा पकडा. टोक कुठे टेकवायचं यात बरेच जण चुकतात. पिस्टन पिनच्या आडव्या दिशेत कलतो, म्हणून माप पिनच्या रेषेवरच, दोन्ही टोकांना घ्यायचं. दुसरीकडे कुठे टेकवलंत तर प्रत्येक वेळी वेगळा आकडा येईल आणि डेक वाकडा आहे असं वाटेल. अलीकडेच बांधलेल्या एका जिप्सीत चार सिलिंडरना ०.१३, ०.१५, ०.१५ आणि ०.१७ मि.मी. खाली अशी मापं आली. सरासरी ०.१५, पण निर्णय घेताना डोळ्यांसमोर ०.१३ ठेवायचा, कारण आदळायचा असेल तर तोच पिस्टन आधी आदळेल. चारांमधला फरक ०.१ च्या पुढे असेल तर तिथेच थांबा. एखादा रॉड आखूड आहे किंवा आधी कुणी ब्लॉक तिरका कापलाय. ते निस्तरल्याशिवाय गॅस्केटचा विचार करण्यात अर्थ नाही.

दुसरं माप चेंबरचं. हेड पालथं, किंचित तिरकं ठेवा. व्हॉल्व्ह लॅपिंग झालेले आणि बसवलेले हवेत, प्लग तोच हवा जो शेवटी लावणार आहात. भोक पाडलेली जाड ॲक्रिलिकची पट्टी ग्रीस लावून चेंबरवर चिकटवा आणि ब्युरेटमधून रंग टाकलेलं केरोसीन सोडा. बुडबुडा भोकाकडे यावा म्हणूनच हेड तिरकं ठेवायचं. चारही चेंबर मोजा. अर्ध्या सीसीपेक्षा जास्त फरक असेल तर मोठ्या चेंबरला धरून बाकीचे ग्राइंडरने हलकेच मोकळे करून सारखे करा. शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात ५० मि.लि.चं ब्युरेट मिळतं. ते घ्याच. इंजेक्शनच्या सिरिंजने मोजलेल्या आकड्यावर मी हेड कापायला देत नाही.

तिसरं माप पिस्टनच्या माथ्याचं. व्हॉल्व्हसाठी केलेले खड्डे आणि मधला खोलगट भाग मिळून किती सीसी होतात ते त्याच पट्टीने, पिस्टन ठरावीक खोलीवर ठेवून आणि कडेने ग्रीस भरून मोजता येतं. फुगीर माथ्याचा पिस्टन असेल तर तो आकडा वजा होतो.

हिशेब

त्या जिप्सीला अर्ध्या मि.मी.चं ओव्हरसाइझ बोरिंग केलेलं होतं, म्हणजे बोअर ७४.५. एका सिलिंडरचं स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टनच्या चालीतली जागा) ३२९.१ सीसी. चेंबर ३०.२ सीसी, पिस्टनचे खड्डे १.८ सीसी, डेकमधली ०.१५ ची जागा ०.६५ सीसी. गॅस्केटचं भोक ७५.५ मि.मी. धरलं तर गॅस्केटच्या दर ०.१ मि.मी. जाडीला ०.४५ सीसी होतात.

कॉम्प्रेशन रेशो म्हणजे स्वेप्ट व्हॉल्यूम आणि वरची उरलेली सगळी जागा यांच्या बेरजेला त्या उरलेल्या जागेने भागायचं. आता जाडी बदलून पाहा. दाबल्यावर १.५ मि.मी. भरणारं गॅस्केट टाकलं तर रेशो ९.३६ आणि फट १.६५. १.२ टाकलं तर ९.६६ आणि फट १.३५. ०.९ टाकलं तर ९.९७ आणि फट १.०५. ०.७ टाकलं तर १०.२ आणि फट ०.८५.

हे आकडे नीट पाहा. १.२ वरून ०.९ वर आलो तर रेशो फक्त ०.३ ने वाढतो. एवढ्यासाठी कुणी वेगळं गॅस्केट मागवू नये. पण फट १.३५ वरून १.०५ झाली, म्हणजे स्क्विश नावापुरतं होतं ते कामाला लागलं. गाडीवर फरक जाणवतो तो या दुसऱ्या आकड्यामुळे. उलट ०.७ घेऊन रेशोत आणखी ०.२ मिळवायला गेलात तर फटीतली सगळी सुरक्षितता संपली, आणि ०.१३ वाल्या सिलिंडरला तर ०.८३ च उरले.

म्हणून या इंजिनाला ०.९. मालकाला १०.३ च्या आसपास रेशो हवा होता. त्यासाठी वरची जागा ३५.४ सीसी हवी, आपल्याकडे ३६.७ आहे, म्हणजे १.३ सीसी कमी करायचे. ते हेड प्लेन करून काढायचे. चेंबरचं तोंड आलेख कागदावर उमटवून चौकोन मोजले तर ३४ चौरस सें.मी. भरलं, म्हणजे ०.१ मि.मी. कापलं की ०.३४ सीसी जातात. एकूण साधारण ०.३८ मि.मी. कापायचे. चेंबरच्या भिंती तिरक्या असतात, म्हणून मी आधी ०.३ कापून घेतो, पुन्हा ब्युरेट लावतो आणि मग उरलेलं कापायला देतो.

सगळ्या गोष्टीचा गाभा इथेच आहे. हेड प्लेन केल्याने वरची फट बदलत नाही, कारण हेडचा सपाट भाग आणि गॅस्केट बसायची जागा एकाच पातळीवर असतात आणि दोन्ही एकदमच खाली येतात. फट बदलते ती फक्त गॅस्केटने, ब्लॉकचा डेक कापल्याने किंवा पिस्टन-रॉड बदलल्याने. म्हणजे दोन आकड्यांना दोन स्वतंत्र हँडल आहेत. फट गॅस्केट आणि डेकने जुळवा, रेशो हेड आणि पिस्टनच्या माथ्याने. एकाच हँडलने दोन्ही फिरवायला गेलात की एक तरी आकडा चुकीचा येणारच.

हवी ती जाडी बाजारात मिळेलच असं नाही. परदेशातून मागवायच्या मल्टिलेअर स्टीलच्या गॅस्केटमध्ये ०.०२७, ०.०३०, ०.०३६, ०.०४० इंच असे टप्पे असतात. मि.मी.मध्ये साधारण ०.७, ०.७५, ०.९, १.०. मधलं माप हवं असेल तर आधी मिळणारी जाडी निश्चित करा आणि उरलेला फरक ब्लॉकच्या डेकमधून काढा. ब्लॉक आधी कापून मग गॅस्केट शोधत बसू नका.

डब्यावरची जाडी आणि दाबल्यानंतरची जाडी

वरचे सगळे आकडे दाबल्यानंतरच्या जाडीचे आहेत. ग्राफाइटचं किंवा तत्सम कंपोझिट गॅस्केट हातात असताना जेवढं जाड दिसतं तेवढं बोल्ट टॉर्कला आल्यावर राहत नाही. मल्टिलेअर स्टीलच्या, म्हणजे गॅरेजमध्ये एमएलएस म्हणतात त्या गॅस्केटमध्ये हा फरक फारच कमी असतो आणि कंपनी सहसा दाबलेली जाडीच देते. स्थानिक कंपोझिट घेत असाल तर डब्यावर विश्वास ठेवू नका. स्वतः मोजा.

मोजायची रीत सोपी. दीड-दोन मि.मी.ची सोल्डरची मऊ तार घ्या. पिस्टन टॉपच्या थोडा खाली ठेवा. हेडचा सपाट भाग जिथे वर येणार त्या जागी, दोन्ही बाजूंना समोरासमोर, बोटाच्या पेराएवढे तुकडे ग्रीसने चिकटवा. त्याच प्रकारचं जुनं, दाबलेलं गॅस्केट ठेवून हेड पूर्ण टॉर्कला बसवा आणि क्रँक पाना लावून हाताने टॉपवरून पलीकडे न्या. स्टार्टर नाही, हातानेच. हेड काढा, चपटलेली तार मायक्रोमीटरने मोजा. पिस्टन कलल्यामुळे एका बाजूचा तुकडा जाड आणि दुसऱ्या बाजूचा पातळ निघेल, त्यांची सरासरी घ्या. ती तुमची खरी फट. त्यातून डेकचं माप वजा केलं की गॅस्केटची दाबलेली जाडी. माझ्या हाताखालचा मुलगा पहिल्यांदा तार मोजून म्हणाला, “मामा, एकीकडं एक पॉइंट वीस आलंय आन् दुसरीकडं एक पॉइंट पन्नास, चुकलं वाटतं.” चुकलं नव्हतं. सरासरी १.३५, डेक ०.१५, गॅस्केट १.२. कागदावरचा हिशेब बरोबर निघाला.

एमएलएस घ्यायचं ठरवलंत तर पृष्ठभागाला किंमत द्या. हेड आणि ब्लॉक दोन्हीचा फिनिश आरए (खडबडीतपणाचं माप) १.२ मायक्रॉनच्या आत हवा, ०.८ मिळाला तर उत्तम. साध्या एमरीच्या चाकाने घाईत मारलेला कट कंपोझिट झाकून घेतं, एमएलएस झाकत नाही, कडेने पाणी झिरपतं. सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून हेड लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर तपासा. ०.०५ मि.मी.चं पान कुठेही आत गेलं तर हेड प्लेन करायलाच हवं. ज्याला हा फिनिश जवळपास मिळत नाही त्याने चांगलं कंपोझिट घ्यावं आणि फट डेकमधून जुळवावी. वाईट पृष्ठभागावर महागडं एमएलएस बसवण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

भोकाचा व्यासही पाहा. बोअर वाढवल्यावर जुन्या मापाच्या गॅस्केटची कड सिलिंडरच्या आत डोकावू शकते. ती कड लाल होते आणि प्लगच्या आधीच मिश्रण पेटवते. बोअरपेक्षा अर्धा ते एक मि.मी. मोठं भोक असावं आणि गॅस्केट ब्लॉकवर ठेवून चारही बोअर डोळ्यांनी तपासावेत. त्याहून फार मोठं भोकही नको. तिथे मिश्रण अडकून वाया जातं.

हेड खाली आलं की आणखी काय बदलतं

आपल्या उदाहरणात गॅस्केटमध्ये ०.३ (१.२ ऐवजी ०.९) आणि हेडमध्ये ०.३८, एकूण ०.६८ मि.मी.ने हेड क्रँकच्या जवळ आलं. व्हॉल्व्हही तेवढेच पिस्टनच्या जवळ आले. पिस्टनवर प्लॅस्टिसिनची जाड वडी ठेवा, तेल लावा, हेड टॉर्क करा, टायमिंग बेल्ट बसवा आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. वडी ब्लेडने कापून सर्वांत पातळ जागा मोजा. इनलेटला किमान १.५ मि.मी. आणि एक्झॉस्टला २ मि.मी. असावं असं मी धरतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापून लांबतो आणि वर येणारा पिस्टन त्याचा पाठलाग करत असतो, म्हणून तिथे जास्त जागा.

बेल्टवरच्या कॅमचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं, टायमिंगही सरकतं. क्रँक आणि कॅममधलं अंतर घटल्यावर बेल्टची ढिली झालेली लांबी टेन्शनरकडे जाते आणि कॅम मागे पडतो. कॅमच्या पुलीची त्रिज्या ६० मि.मी. असेल तर ०.६८ मि.मी.ला क्रँकचे साधारण सव्वा अंश. खालच्या आरपीएमची ओढ त्याने कमी होते, आणि एक्झॉस्ट उशिरा बंद होत असल्यामुळे वडीवरचं मापही त्या बाजूला आणखी घटतं. ॲडजस्टेबल पुली बसवणार असाल तर कॅम जागेवर आणून मग वडीचं माप पुन्हा घ्या.

रेशो किती ठेवायचा

इथे मी हात आखडता ठेवतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याची नॉक सहन करायची ताकद जुन्या साध्या पेट्रोलपेक्षा चांगली आहे, पण त्याच हवेला ते जास्त प्रमाणात लागतं. जिप्सीचा जुना ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) हलक्या ॲक्सिलरेटरवर ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने सावरून घेतो, पूर्ण ॲक्सिलरेटरवर घेत नाही. तिथे मिश्रण पातळ राहतं, आणि पातळ मिश्रणावर वाढवलेलं कॉम्प्रेशन म्हणजे वितळलेला पिस्टन. म्हणून मॅपिंग (ईसीयूतले आकडे नव्याने बसवणं) करणार नसाल तर कंपनीच्या रेशोच्या फार वर जाऊ नका. मॅपिंग होणार असेल, फट १.० ते १.१ असेल, तर कंपनीच्या कॅमवर १०.३ मला पंपाच्या पेट्रोलवर पुरेसं वाटतं. इनलेट उशिरा बंद करणारा मोठा कॅम असेल तर अर्धा आकडा वर जाता येतं, कारण खालच्या आरपीएमला थोडं मिश्रण परत निसटतं.

हिमालयातल्या उंचीवरच्या रॅलींना जाणारे लोक रेशो आणखी मागतात. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो, त्यामुळे तिथे ११ चा रेशोही इंजिन निमूट सहन करतं. पण गाडी तिथपर्यंत मैदानातून, मे-जूनच्या उन्हातून चालवत नेणार असाल तर हिशेब मैदानाचाच धरा. आणि स्पर्धेत उतरणार असाल तर एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संस्थेच्या) तुमच्या क्लासचं त्या वर्षीचं नियमपत्रक हेड कापायच्या आधी वाचा. कापलेलं हेड परत वाढत नाही.

टर्बोवाल्यांसाठी

समजा याच इंजिनावर टर्बो बसवायचाय आणि रेशो ८.५ हवाय. वरची जागा ४३.९ सीसी लागते, म्हणजे ७.२ सीसी वाढवायचे. ते गॅस्केटने करायचे तर १.६ मि.मी. जाडी वाढवावी लागेल, म्हणजे अडीच मि.मी.चं गॅस्केट, आणि फट २.६५. स्क्विश उरलं नाही. वर गॅस्केटची जवळजवळ तिप्पट उंचीची कड बूस्टच्या (टर्बोने वाढवलेल्या) दाबाला उघडी. एका गॅरेजमधून माझ्याकडे आलेल्या इंजिनात दोन गॅस्केट एकावर एक ठेवून हे केलं होतं. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधली पट्टी जळून आरपार वाट झाली होती. आणि त्या मुलाने टर्बोवर, इंटरकूलरवर, पाइपांवर वर्षभराची बचत घातली होती. मला फार वाईट वाटलं, कारण तेच ७.२ सीसी पिस्टनच्या मध्यभागी खोलगट वाटी करून मिळाले असते. कडेचा सपाट भाग तसाच ठेवून, खोलगट माथ्याचे फोर्ज्ड पिस्टन बनवून घ्या. ०.९ चं एमएलएस, फट १.० ते १.१, हेड आवळायला बोल्टऐवजी चांगले स्टड. टर्बोच्या बजेटमध्ये पिस्टन बसत नसतील तर टर्बो पुढच्या वर्षी बसवा.

बसवताना

बोल्टची भोकं टॅप फिरवून साफ करा आणि हवा मारून कोरडी करा. बंद भोकात तेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना त्याचा दाब ॲल्युमिनियमला तडा देतो. एमएलएसवर कसलाही चिकट लावू नका, त्याला स्वतःचा लेप असतो. टॉर्क मॅन्युअलमधल्या आकड्याने आणि क्रमाने, मधून बाहेर, तीन टप्प्यांत. स्टड वापरत असाल तर टॉर्क स्टडवाल्याचा धरा. थ्रेडला कोणतं तेल लावलं यावर तो आकडा बदलतो.

इंजिन काही दिवस चालवल्यावर उघडायची वेळ आली तर पिस्टनचा माथा पुसायच्या आधी पाहा. कडेच्या सपाट भागावर कार्बन जवळजवळ नाही आणि मध्यभागी तपकिरी थर आहे, तर स्क्विश काम करतंय. कडेलाही जाड काळा थर असेल तर फट मोठी आहे, पुढच्या वेळी ०.१ कमी करायला जागा आहे. कडेचा भाग चकचकीत घासलेला असेल आणि हेडवर समोर तसाच डाग असेल, तर पिस्टन हेडला टेकतोय, ताबडतोब ०.१ ते ०.२ वाढवा.

आणि हेडच्या बाजूला, जिथे कुणी कापणार नाही अशा जागी, एकूण किती प्लेन केलं ते नंबर पंचने ठोका. ब्लॉकवर डेकचं माप आणि गॅस्केटची दाबलेली जाडी ठोका. गाडी विकली जाते, मिस्त्री बदलतो, आणि पुढचा माणूस त्या ०.३८ वर आणखी ०.३ कापायला देऊन मोकळा होतो.